बरं असेल तर एक दाबा

ओइमीच्या दिवसांत सर्व्हरला हात लावायचा नाही, हा आमच्या ऑफिसातला नियम होंजोसाननी घातला होता. नोव्हेंबरच्या शेवटी जपानभरातले देव आमच्या भागात मुक्कामाला येतात, ती ओइमी. ते असेतोवर लोक नखं कापत नाहीत, शिवण काढत नाहीत, भिंतीत खिळा ठोकत नाहीत. पाहुण्यांच्या कानाला त्रास नको, एवढंच त्यामागचं कारण. शेवटच्या दिवशी कारासादे. त्या संध्याकाळी देव नावेत बसून परत जातात आणि दुसऱ्या दिवसापासून ज्याला जे ठोकायचं ते त्याने ठोकावं. होंजोसाननी या यादीत सर्व्हरही घुसडला.

"खिळा ठोकणं आणि नवी आवृत्ती बसवणं, यात फरक काय गं?" ते विचारायचे.

"खिळ्याचा आवाज होतो," मी म्हणायचे.

"सर्व्हरचाही होतो. तुला ऐकू येत नाही म्हणून होत नाही असं थोडंच आहे."

अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ते वयाने मोठे, मला काम शिकवलेलं त्यांनी, आणि वर नेहमी बरोबरच असायचे. मला याचा राग यायचा, अजून येतो. फेब्रुवारीत ते गेले आणि मात्सुएतल्या आमच्या चार टेबलांच्या कंपनीत मालक इतोहारासान आणि मी, एवढी दोनच माणसं उरली. इतोहारासानना गिऱ्हाइकापुढे कमरेत वाकायला छान जमतं. संगणकातलं काही जमत नाही.

आमचं सगळ्यात जुनं काम म्हणजे कुराउरा गावची सकाळची हाक. कुराउरा माझं माहेर, समुद्राकाठी डोंगराला चिकटून बसलेलं. तिथे एकेकटी राहणारी तीसेक म्हातारी माणसं आहेत. दररोज सकाळी सर्व्हर त्यांना फोन लावतो. "नमस्कार, सकाळ झाली. बरं आहे ना? बरं असेल तर एक दाबा. नसेल तर दोन दाबा." आवाज होंजोसानचा, त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी भरलेला. एक दाबलं की झालं. दोन दाबलं किंवा फोन उचललाच नाही, की माणूस येतो. आता टाउन हॉलचा माणूस जातो, पण सुरुवातीला टाउन हॉलकडे माणूसच नव्हता, तेव्हा होंजोसान स्वतः गमबूट चढवून गाडी काढायचे आणि दारात उभे राहून विचारायचे, "काय त्रास आहे, आजी?"

या तीस जणांत माझी आई आहे. बाबा जाऊन खूप वर्षं झाली. शहरात माझ्याकडे ये म्हटलं की तिला ऐकू येत नाही, एरवी सगळं येतं. आईने आजवर कधी दोन दाबलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी मागच्या अंगणात घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हाही तिने दुसऱ्या हाताने एक दाबला. मी संतापले तर म्हणाली, "मनगट मोडलं होतं. मी बरीच होते की." तिच्या मते दोन दाबणं म्हणजे सकाळी सकाळी लोकांना कामाला लावणं.

तर ही हाक होंजोसाननी रूबी भाषेत लिहिलेली. ही प्रोग्राम लिहायची भाषा आमच्या मात्सुएत भाताइतकी घरची आहे. दर नाताळला तिची नवी आवृत्ती येते, जुन्या मागे पडतात. होंजोसानची आवृत्ती इतकी जुनी झाली होती की तिची डागडुजी करणं सगळ्यांनी केव्हाच थांबवलं होतं. टाउन हॉलने शेवटी निक्षून सांगितलं, ती जुनी आवृत्ती नोव्हेंबर संपायच्या आत सर्व्हरवरून गेली पाहिजे. मी उन्हाळाभर बसून सगळा प्रोग्राम नव्या आवृत्तीसाठी पुन्हा लिहिला. गेलेल्या माणसाचा आवाज रोज सकाळी लोकांना ऐकवणं बरं दिसत नाही, म्हणून तोही बदलायचं ठरलं. उरलं ते फक्त बसवणं. आणि उन्हाळ्यापासून ओढत ओढत ते नेमकं ओइमीत आलं.

"चार दिवस थांबली असतीस तर?" इतोहारासाननी खाली मान घालून विचारलं.

"चार दिवसांनी काही बिघडलं तर निस्तरायला वेळ कुठे आहे? टाउन हॉलला तुम्ही सांगणार आहात का, देव आलेत म्हणून?"

बाहेर वारा सुटला होता, ओइमीत सुटतोच. कालव्याचं पाणी खालच्या मिठाईवाल्याच्या पायरीपर्यंत उडत होतं.

आवृत्त्या बदलण्याचं काम तसं सोपं असतं. सर्व्हर म्हणजे एक घर समजा, आणि त्यात एकाच भाषेच्या दोन-तीन आवृत्त्या नांदतायत. दारात एक राखणदार बसलेला असतो. कुठलाही प्रोग्राम उठून "मला रूबी हवी" म्हणाला की राखणदार त्याच्या खोलीत डोकावतो. तिथे एक चिठ्ठी असते, तिच्यावर आवृत्तीचा आकडा असतो, त्या आवृत्तीकडे तो काम पाठवतो. खोलीत चिठ्ठी नसेल तर घराची मोठी चिठ्ठी बघतो. बस. चिठ्ठी बदलली की काम दुसऱ्या आवृत्तीकडे जातं: जुन्या आकड्यावर होंजोसान बोलणार, नव्यावर नवा आवाज.

नवी आवृत्ती बसवायला तासभर गेला. सर्व्हरचा पंखा घोंघावत होता, पडद्यावर ओळी सरकत होत्या. मी सवयीने मागे वळून पाहिलं. होंजोसान अशा वेळी पाठीशी चहाचा कप घेऊन उभे राहायचे. मग मी खोलीतली चिठ्ठी बदलली, माझ्याच मोबाइलवर चाचणीचा फोन लावला. स्टेशनवर गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईसारखा गुळगुळीत आवाज आला. बरं असेल तर एक दाबा. मी एक दाबला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी जेवताना आईला फोन केला. "आवडला का नवा आवाज?"

"कुठला नवा? होंजोसानच तर होते."

"आई, नीट आठव."

"पंधरा वर्षं ऐकतेय तो आवाज. मला शिकवू नकोस."

हातातल्या जेवणाच्या काड्या तशाच ठेवून मी सर्व्हर उघडला. खोलीतल्या चिठ्ठीवर जुना आकडा होता. मी इतोहारासानकडे पाहिलं. ते संत्रं सोलत होते.

"तुम्ही चिठ्ठी बदललीत?"

"मला मेलला फाइल जोडता येत नाही," ते दुखावल्या आवाजात म्हणाले. "गेल्या आठवड्यात तूच जोडून दिलीस."

खरं होतं ते. मी चिठ्ठी पुन्हा बदलली, पुन्हा चाचणी घेतली, पुन्हा बाई बोलली. आणि पुढच्या सकाळी पुन्हा जुना आकडा. यावेळी आईनेच फोन केला होता.

"चिनात्सु, आज जरा जास्त बोलले गं होंजोसान."

"जास्त म्हणजे?"

"बरं आहे ना विचारलं. मग म्हणाले, कारासादेला नाव सुटतेय, तुमची जागा धरू का? धरायची असेल तर एक दाबा."

मी घाबरले. नावेमुळे नाही. होंजोसाननी भरलेली वाक्यं मला पाठ आहेत, त्यात कुठल्या नावेचा उल्लेख नाही. म्हणजे बिघाड आईत होता. वय त्र्याऐंशी. माझ्या वरच्या मजल्यावरच्या बाईची आई अशीच टीव्हीतल्या माणसांना चहा विचारायला लागली होती आणि वर्षभरात तिला स्वतःचं नाव आठवेनासं झालं. मी डोळे मिटून घेतले.

"मग तू काय दाबलंस?"

"काहीच नाही. विचार करून सांगते म्हटलं. ते म्हणाले, सावकाश सांगा. शेवटचं कारासादेच्या सकाळी विचारीन."

"ते बोलत नाहीत, आई. यंत्र आहे ते. त्याला उत्तर द्यायचं नसतं."

"होंजोसाननाही हेच वाटायचं का गं, तू उलट उत्तरं द्यायचीस तेव्हा?" आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आईला डॉक्टरकडे कसं न्यायचं हे ठरवण्याआधी मी साकोदाकाकांना फोन लावला. आईच्या खालच्या गल्लीत राहतात, बाबांच्या बरोबरीने मासेमारी केलेला कडक म्हातारा. मी आडून आडून विचारायला लागले, तर त्यांनी मधेच तोडलं.

"नावेचं ना? हो, विचारलं की. मी दाबला एक."

"काका, कुठली नाव, कुणाची, काही न विचारता?"

"सकाळी एक दाबायची सवय आहे," ते म्हणाले. "शिवाय नावेला कोण नाही म्हणतं? मी जन्मभर नावेतच होतो."

समोरच्या घरातल्या फुकुमाआजींनाही विचारलं होतं. त्यांनीही एक दाबला होता. मग मी एकेक करून गावातल्या बाकीच्यांना फोन लावत गेले. त्यांना फक्त रोजचं "बरं आहे ना" ऐकू आलं होतं, होंजोसानच्याच आवाजात. एक म्हातारी तर फुरंगटली. "मला का नाही विचारलं? मी त्या साकोदापेक्षा वयाने मोठी आहे."

तिघांना सारखाच भ्रम होत नाही. आईचं डोकं शाबूत आहे हे कळून मला आधी आनंद झाला, खरंच झाला. मग हळूहळू अंगावर काटा आला.

मी दिवसभर सर्व्हर खणला. दुपारी सापडलं. होंजोसाननी एका कोपऱ्यात आणखी एक चिमुकला प्रोग्राम लिहून ठेवला होता. तो वर्षभर झोपून राहायचा आणि फक्त ओइमीच्या दिवसांत जागा व्हायचा. पहाटे उठून हाकेच्या खोलीतली चिठ्ठी तपासायची, कुणी बदलली असेल तर जुनी परत ठेवायची, एवढंच त्याचं काम. वरती त्यांनी एक ओळ लिहिली होती: चिनात्सु, पाहुणे आहेत.

मला हसू फुटलं आणि मग रडूही आलं. त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. आपण गेल्यावर पहिल्याच ओइमीत ही बया हातोडा काढणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. इतोहारासाननी कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला.

म्हणजे चिठ्ठीचं कोडं सुटलं होतं. नावेचं सुटलं नव्हतं, पण कुणीतरी तो आवाज कापून जोडून काही खोडी काढली असेल, कुठेतरी लपवली असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग सगळंच काढून टाकलं की प्रश्न मिटला. मी तो चिमुकला प्रोग्राम पुसला. खोलीतली चिठ्ठी बदलली, घराची मोठी चिठ्ठीही बदलली. जुनी आवृत्ती मुळासकट काढली. शेवटी होंजोसानच्या आवाजाची फाइल राहिली. ती पुसण्याआधी एकदा ऐकली. चारच वाक्यं, मागे कुठेतरी चहाची किटली उकळतेय. ती पुसताना मला फार वाईट वाटलं. राखणदाराला विचारलं, घरात कोण कोण आहे? त्याने एकच आकडा दाखवला, नवा.

दुसऱ्या सकाळी मी सर्व्हरसमोर बसून फोन जाताना पाहिले. नव्या आवृत्तीने, बाईच्या आवाजात, एकामागून एक. काहीही वावगं नाही. सगळे उरकले आणि माझा मोबाइल वाजला.

"उद्या शेवटचं विचारणार म्हणाले," आई म्हणाली.

"कोण?" मी विचारलं, पण मला माहीत होतं.

"आज त्यांच्यामागे किटली उकळत होती. मी म्हटलं, चहा घ्या आधी."

मग आई पुढे बोलली, बाजाराची यादी सांगावी तशी. "मी ठरवलंय गं. उद्या दाबीन एक. साकोदा जातोय, फुकुमा जातेय. मग या आळीत मी कुणाशी बोलू? नावेत आणखी कोण कोण आहे ते विचारलं, तर सांगत नाहीत. पण तुझे बाबा नाव चुकवणाऱ्यातले नव्हते."

"आई, तू उद्या फोन उचलायचा नाहीस."

"न उचलून कसं चालेल? माणूस धावत येतो."

मी टाउन हॉलला कळवलं, उद्या सकाळी हाक बंद राहील, तुमची माणसं घरोघर पाठवा. तिथला कारकून चिडला, मीही चिडले. मग मी सर्व्हर बंद केला. नुसता बंद नाही, मागे जाऊन वायर उपसली आणि इतोहारासानच्या हातात दिली.

"ही उद्या दुपारपर्यंत कुठेही लावायची नाही. कुणीही सांगितलं तरी. मी सांगितलं तरी."

"होंजोनी सांगितलं तर?" त्यांनी विचारलं. ते थट्टा करत नव्हते. त्यांनी वायर गुंडाळून कोटाच्या खिशात घातली आणि खिशावर हात ठेवून उभे राहिले.

कुराउराच्या रस्त्यावर लाटा येत होत्या. मी पोचले तेव्हा आई सलगमचं लोणचं मुरवत होती. दिवाणखान्यात तिचा चांगला किमोनो वाऱ्याला टांगलेला होता, राखाडी, लग्नाकार्यात नेसायचा. तो पाहून माझं डोकंच फिरलं.

"हे काय चाललंय?"

"कसर लागते. हवा दाखवायला हवी."

"नोव्हेंबरात?"

ती वाट्या मांडायला उठली. शिंपल्यांचं सार केलं होतं तिने, भात, वाळवलेला मासा. मी जेवायला बसले. तिने माझ्या वाटीत सार वाढलं, मग पुन्हा वाढलं.

"शहरात काय खातेस तू? गालफडं बसली आहेत."

"मला भूक नाही."

"उद्या रात्री संडासला जायचं नसतं, लक्षात आहे ना?" ती म्हणाली. कारासादेच्या रात्री संडासला गेलं की एक म्हातारी मागून ढुंगणावर हात फिरवते, असं आमच्याकडे पोरांना सांगतात. मी पन्नाशी ओलांडली आहे. "आजपासूनच पाणी कमी पी."

"तू उद्या दोन दाब," मी म्हटलं.

"मला त्रास काय आहे दोन दाबायला?"

"मला आहे." माझा आवाज चढला. "मला त्रास आहे. तू नसलीस तर मी कुणाशी भांडू? इतोहारासानशी भांडून काही होत नाही, ते लगेच माफी मागतात. दर रविवारी मी कुठे यायचं? मला तू हवी आहेस, एवढं साधं तुला कळत नाही?"

आमच्या घरात असं कुणी कधी बोललेलं नव्हतं. आईने वाट्या उचलल्या आणि मोरीत नेऊन धुवायला लागली.

सकाळी वारा अगदी पडला होता. समुद्राचाही आवाज नव्हता. आई उठून केस विंचरून कोतात्सूत, शेगडीच्या बुटक्या टेबलाखाली पाय घालून, बसली होती, किमोनो अजून टांगलेलाच होता. मी फोनची वायर भिंतीतून काढून ठेवली होती. सर्व्हर मात्सुएत बंद पडलेला, त्याची वायर इतोहारासानच्या खिशात. तरी मी घड्याळाकडे बघत होते.

आधी खालच्या गल्लीतून आवाज आला. साकोदाकाकांचा फोन वाजत होता. दोनदा वाजला आणि थांबला. मग समोरच्या घरातला. तोही थांबला. आणि मग आमचा.

मी भिंतीकडे पाहिलं. वायर जमिनीवर पडली होती. फोन वाजत होता.

"उचलू नको," मी म्हटलं.

"अगं, एवढं लांबून करतायत," आई म्हणाली आणि तिने उचलला.

मला काही ऐकू येत नव्हतं. आई ऐकत होती, मान डोलावत होती. "हो. हो, बरी आहे. थंडी आहे, पण वारा पडला." मग नावेचं विचारलं असावं. तिचं बोट आकड्यांवर आलं, एकावर. पंधरा वर्षांची सवय. मी तिचा हात धरला नाही. आधीच्या रात्री जे बोलले त्यापलीकडे माझ्याकडे काही नव्हतं. मी फक्त "आई" म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, जरा वैतागून, मला लहानपणी ताप आला की बघायची तसं. मग बोट सरकवलं आणि दोन दाबला.

तिने फोन खाली ठेवला. माझ्या जिवात जीव आला. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकवून रडायला लागले, आणि ती मला थोपटत म्हणाली, "पुरे. जा, पाणी ठेव चहाला."

"ठेवते, थांब जरा."

"आत्ता ठेव," आई म्हणाली. "दोन दाबलंय. माणूस येणार."

ते ऐकलं आणि मी रडायची थांबले. गल्लीतून गमबुटांचा आवाज येत होता. ओल्या गमबुटांचा, सावकाश, चढ चढताना मधे एकदा थांबून. ती थांबायची जागा मला ठाऊक होती. होंजोसानचे गुडघे दुखायचे.

दाराच्या धुरकट काचेवर एक आकृती येऊन उभी राहिली. आई उठली, केस सारखे केले, दारापर्यंत गेली. तिने दार चारच बोटं सरकवलं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात किटली हातात धरून उभी होते. मला पुढे जाता आलं नाही.

"काय त्रास आहे, आजी?"

तोच आवाज. फाइलमधला नाही. दारातला.

"मला काही नाही," आई म्हणाली. "त्रास हिला आहे. नीट खात नाही, चढ्या आवाजात बोलते, लोणचं मुरवायला अजून शिकलेली नाही. असं टाकून कसं यायचं? एक वर्ष द्या."

"एक पुरेल?"

"पुरवते."

मग आवाज माझ्याकडे वळल्यासारखा आला. "चिनात्सु, सर्व्हर चालू कर. बाकीचे हाकेची वाट बघतायत."

"हो," मी म्हटलं. पंचवीस वर्षं त्या माणसाला मी हेच उत्तर देत आले होते. आकृती काचेवरून सरली. गमबुटांचा आवाज खालच्या गल्लीकडे गेला, साकोदाकाकांच्या घराच्या दिशेने. आईने दार लावलं. उंबऱ्याबाहेर फरशी ओली होती, बस.

साकोदाकाका आणि फुकुमाआजी त्याच रात्री झोपेत गेले. डॉक्टर म्हणाले, थंडीने. दोघांनीही चांगले कपडे घातले होते, त्याचं त्यांना नवल वाटलं.

मी मात्सुएत परतून वायर लावली. जुनी आवृत्ती पुन्हा बसवली. इतकी जुनी गोष्ट आताच्या यंत्रावर बसवताना नाकी नऊ आले. तिला वेगळ्या बंद खोलीत ठेवलं, बाहेरचं कुणी तिथवर पोचू नये अशी, आणि टाउन हॉलला तसं लेखी दिलं. त्यांनी कुरकुर करून मान्य केलं. आवाजाची फाइल जुन्या राखीव प्रतींत सापडली. खोलीत जुन्या आकड्याची चिठ्ठी ठेवली आणि तो चिमुकला प्रोग्रामही परत लिहिला. वरची ओळ मात्र तशी लिहिता आली नाही, ती मोकळी सोडली.

वर्षभर मी रविवारची वाट न बघता दर शुक्रवारीच कुराउराला आले. आईने मला सलगमचं लोणचं शिकवलं, मासा वाळवायला शिकवला, बाबांचे जुने शर्ट कुणाला द्यायचे ते सांगितलं. आम्ही भरपूर भांडलो. माझं वजन वाढलं, ते पाहून ती खूश झाली. आणि ती इतकी खूश होते म्हणून मी मधे दोन महिने मुद्दाम कमी खाल्लं. तिला काम अजून उरलंय असं वाटावं म्हणून. तिला ते लगेच कळलं.

आता ओइमी चालू आहे. वारा सुटलाय. मी सुट्टी काढून इथेच येऊन राहिले आहे आणि सर्व्हरला हात लावलेला नाही. काल मी आईला म्हटलं, यंदाही दोनच दाब.

"एकदा दाबला की दोन," आई म्हणाली. "त्या माणसाने दरवर्षी दुखऱ्या गुडघ्यांनी हा चढ चढायचा का?"

परवा कारासादे आहे. आज तिने किमोनो हवेला टांगला आणि मी तो टांगायला तिला मदत केली. फोन मी कोतात्सूजवळ आणून ठेवलाय, सकाळी तिला थंडीत उठावं लागू नये म्हणून.